भाजीचं पाणी

वडोदरा, २८ नोव्हेंबर

चि. विहंग,

आशीर्वाद आधी, काम नंतर.

तू ग्वाल्हेरला पोचल्याचं तुझ्या वडिलांकडून कळलं. त्याला वाटतंय, तू तिथं नोकरी बघायला गेलायस. तू वायरिंगचा कोर्स अर्धा टाकलास आणि वाटेत जिथं गाडी थांबेल तिथं उतरत उतरत दौलतगंजात काकाकडे येऊन टेकलास, हे मला माहीत आहे. कसं ते विचारू नकोस. इंदूरला तुझ्या घरी मी काही कळवणार नाही. त्या बदल्यात तू माझं एक काम करायचंस.

माझ्या धाकट्या भावाच्या, म्हणजे तुझ्या लक्ष्मीकांतकाकाच्या घरात हल्ली काय शिजतंय ते मला हवंय. बोलण्यापुरतं नाही म्हणत, खरोखर चुलीवर काय शिजतं ते.

तुझी काकू गेल्यापासून कांत दर संक्रांतीला माझ्याकडे येतो. भोगीची भाजी खातो, आठवडाभर राहतो, माझ्या जावयाच्या नावानं बोटं मोडतो आणि जातो. यंदा माझ्या मुलाला, गुरुप्रसादला, फोनवर म्हणाला की येणं जमणार नाही. कारण नाही, काही नाही. दिवाळीत त्याचा फोटो आला त्यात गळ्याची हाडं वर आलेली. आणि मागं स्वयंपाकघराच्या दारात ती उभी. वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते ती शरयू. पदर खोचून, घरचीच असल्यासारखी. भाडेकरणीचं खालच्या स्वयंपाकघरात काय काम?

मला फोनवर ऐकू येत नाही. गुरुप्रसादच्या फोनवर काही आलं की माझ्या आधी त्याची बायको वाचते. म्हणून कागदावर लिही. आणि माणसं काय बोलतात ते फार लिहू नकोस. बाजारातून पिशवीत काय आलं, कापलं कसं, शिजवलं कसं, पानात किती पडलं ते लिही. त्यावरून मला बाकीचं कळतं.

आत्या

---

दौलतगंज, ग्वाल्हेर
४ डिसेंबर

ती. लीलाआत्या,

नमस्कार. पत्र लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या. पेन काकांकडे मागितलं तर म्हणाले, कुणाला लिहितोयस? मी म्हटलं, मैत्रिणीला. तर म्हणतात, "बरं आहे. तिला वाचता येतं का?"

इथं कोहरा एवढा पडतो की सकाळी समोरच्या गल्लीतला माणूस आधी खोकतो आणि मग दिसतो. काल काकांबरोबर मंडीत गेलो. ते हळू चालतात आता. नव्या चपला घेतल्यात, एक नंबर मोठ्या. म्हणतात थंडीत मोज्यांवर बसतील. मंडीत काय माल आलाय आत्या! गाजरं लालभडक, मुळे हातभर, मटरचे ढीग, सेम, हिरवा लसूण, ओले सिंघाडे, शकरकंद. मी तर शकरकंद भाजणाऱ्या भैयापाशीच अडकलो. तो राखेतून काढतो, फोडतो, वरून मसाला आणि नींबू. तिथंच मला दिग्विजयसिंह भेटला, त्याची बाईक आहे आणि तो ओरछाला जायचं म्हणतोय. ओरछाला नदीकाठी फुकट राहता येतं म्हणे. असो. तुम्ही पिशवीचं विचारलंय.

भाजीवाली काकांना ओळखते. म्हणाली, "बाबूजी, बथुआ तो ले जाओ, पिछले साल तो रोज ले जाते थे." काकांनी जुडी उचलली, नाकाशी धरली, बराच वेळ धरली आणि परत ठेवली. आत्या, वास घेऊन परत कोण ठेवतं?

त्यांनी घेतली फक्त पत्तागोभी आणि लौकी. मग मी माझ्या मनानं टमाटर, शकरकंद आणि संत्री टाकली पिशवीत. घरी आल्यावर शरयूकाकूंनी पिशवी ओट्यावर उलटी केली.

"टमाटर कुणी आणले?"

"मी."

"कुणी सांगितले होते?"

"कुणीच नाही. लाल होते."

"आणि ही संत्री?"

"ती पण काकू, रंगावरूनच."

हसल्या नाहीत. सगळं एका टोपलीत भरलं आणि टोपली घेऊन जिना चढून वर, आपल्या खोलीत. खाली उरली पत्तागोभी आणि लौकी. काका तिकडे पेपर वाचत होते, म्हणजे पेपर धरून बसले होते. 

मला हे खटकलं. मी कुणावर उगाच शक घेणारा नाही, माझ्यावरच लोक घेतात. पण चांगला माल सगळा वरती आणि घरमालकाच्या पानात लौकी, हे काय?

तुमचा,
विहंग

---

वडोदरा, ९ डिसेंबर

चि. विहंग,

पहिली गोष्ट. तिला काकू म्हणू नकोस. काकाच्या बायकोला काकू म्हणतात. ती अजून तरी नाही. मावशी म्हण.

दुसरी गोष्ट. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि जेवले नाही. बथुआ परत ठेवला? कांतनं? लहानपणी तिथल्याच गोरखीच्या शाळेतून दुपारी घरी धावत यायचा तो, दप्तर अंगणात फेकून आधी पातेल्यावरचं झाकण उचलायचा. आई ताकातली बथुआची, म्हणजे चाकवताची, पातळ भाजी करायची, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे घालून. आई गेल्यावर मी करायला लागले. त्याला सगळी भाजी वाढून मी पातेलं पुसून खात असे. (इथं बडोद्यात सगळे उंधियूचं कौतुक करतात. करू देत.) आणि तो जुडी परत ठेवतो! कुणीतरी त्याला धाक घातलाय.

थंडीतल्या चार महिन्यांत माणूस वर्षभराचं अंगावर घेतो. दुधी आणि कोबी ही उन्हाळ्यात काही मिळत नाही तेव्हाची सोय. ते खाऊ घालून ती त्याला काय करणार आहे?

आता नीट बघ. फोडणी कशाची घालते, मीठ किती, तेल किती. टोपली वर नेते तर वर कोण खातं? घराबाहेर दोघं कुठं जातात? आणि पिशवी तू भरत असशील तर शीक. मटारच्या शेंगा मुठीत चोळायच्या. कुरकुर आवाज आला तर ताज्या, गप्प राहिल्या तर शिळ्या. गाजर बारीक घ्यायचं, जाड गाजराच्या पोटात लाकूड असतं. वांगं आकाराच्या मानानं हलकं लागलं पाहिजे, जड वांगं बियांनी भरलेलं. रंगावरून कुणी भाजी घेत नाही, रंगावरून साडी घेतात.

ओरछाला जाऊ नकोस.

आत्या

---

दौलतगंज, १३ डिसेंबर

ती. आत्या,

ओरछाला गेलो नाही. दतियापर्यंत गेलो होतो, पण संध्याकाळी परत आलो, म्हणजे ते धरू नका.

तुम्ही सांगितलं तसं स्वयंपाकघरात मुक्काम केला. मटर सोलतो म्हणालो. शरयूमावशींनी (म्हणतोय मावशी, एकदा जीभ घसरली तर काका हसले) गोभी बारीक चिरली आणि कोमट पाण्यात टाकली. बराच वेळ तशीच. मग ते पाणी मोरीत. मग दुसऱ्या पाण्यात उकळली, भरपूर पाण्यात. वास सुटला घरभर, मला वाटलं आता वाढणार. तर तेही पाणी मोरीत! मग जरासं तेल, जिरं, मीठ असून नसल्यासारखं. ती गोभी बघून मला हॉस्टेलची मेस आठवली, आणि त्या मेसमुळेच मी पहिला कोर्स सोडला होता, हे तुमच्यापुरतं.

मी विचारलं, "मावशी, ते पाणी का फेकता?"

"पोटाचं पथ्य आहे त्यांना."

"कुणी दिलं?"

"ज्यांनी द्यायचं त्यांनी."

असं बोलतात त्या. पुढे दार बंद.

आणखी ऐका. काकांच्या पाण्याच्या बाटलीवर पेनाची खूण आहे, दिवसाचं पाणी तेवढंच. माठातून घ्यायला गेले की मावशी फक्त बघतात आणि काका भांडं खाली ठेवतात. दर शुक्रवारी दोघं ऑटोनं जातात, दुपारी परत. काका म्हणतात बँकेत. मी म्हटलं, एवढं काय असतं बँकेत? म्हणाले, "व्याज बघायला जातो, कसं वाढतंय." आल्यावर मात्र भिंतीकडे तोंड करून झोपतात. टोपलीचं कळलं नाही. वर कोणी खाताना दिसत नाही, त्या एकट्याच राहतात, नवरा गेलाय.

आता खास बात. मावशी भाचीच्या लग्नाला झाशीला चालल्यात, १८ तारखेपासून आठ-दहा दिवस. तोपर्यंत स्वयंपाक माझ्याकडे. काल मला उभं करून शिकवलं.

"ओत."

मी जरा ओतलं.

"सगळं ओत. तळाशी काही ठेवू नकोस. आणि संत्रं नाही, टमाटर नाही, पालेभाजी नाही, नारळ नाही. त्यांनी मागितलं तरी नाही."

"पण का मावशी?"

त्यांनी काकांकडे बघितलं. काकांनी मान हलवली, नाही म्हणून. मग त्या म्हणाल्या, "विचारू नकोस. कर."

तुम्ही सांगा, हे काय चाललंय? दोघांत काहीतरी ठरलेलं आहे, आणि ते माझ्यासमोर बोलायचं नाही असंही ठरलेलं आहे. काकांनी कालच विचारलं, "तुझी ती मैत्रीण बडोद्याची आहे का रे?" मी म्हटलं, नाही, देवासची. विश्वास बसलेला दिसला नाही.

विहंग

---

वडोदरा, १६ डिसेंबर

चि. विहंग,

हे स्पीड पोस्टानं पाठवतेय. गुरुप्रसादला सांगितलं, देवाच्या अंगाऱ्याचं पाकीट आहे.

पोटाचं पथ्य! कांतचं पोट मला सांगणार ती? लग्नात पैजेनं जिलब्या खाऊन वर ताक प्यायचा तो. भाज्यांचं सत्त्व पाण्यात उतरतं, हे पोरीसोरींनाही कळतं. ते पाणी मोरीत आणि चोथा माझ्या भावाच्या पानात. वर पाणी मोजून. हे पथ्य नव्हे. माणसाला हळूहळू अशक्त करायची ही पद्धत आहे. ज्याला जिना चढवत नाही तो माणूस मग दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवतो, आणि खांदा ज्याचा, घर त्याचं. शुक्रवारची बँक आता कळली का? सही कशावर होते, बघितलंयस?

ती गेली की तुझ्या हातात आठ दिवस आहेत. नीट ऐक.

पहिल्या दिवशी बथुआची पातळ भाजी. पानं कोवळी, मागं पांढरी भुकटी असलेली घ्यायची. डाळ आणि दाणे आधी भिजव, ताक आंबट नको. दुसऱ्या दिवशी टोमॅटोचं सार, त्याला अर्ध्या नारळाचं दूध. मग पालक. मग रताळ्याचा कीस, तुपावर, दाण्याचं कूट सढळ. हिरव्या हरभऱ्याची उसळ. जेवल्यावर रोज एक संत्रं, सोलून समोर ठेव, म्हणजे नाही म्हणणार नाही. काही उकळलंस तर पाणी फेकायचं नाही. त्या पाण्यात वरण शिजव. मी कायम तसंच करते, म्हणून माझ्या वरणाला चव असते. हिंग तेलात आधी, लसूण नंतर, गूळ सुपारीएवढा.

तिला काही कळता कामा नये. त्यालाही सांगू नकोस मी सांगितलं म्हणून. तो लगेच तिच्या कानावर घालेल.

आठ दिवसांत त्याच्या तोंडावर रंग आला की तिचं पथ्य काय होतं ते सगळ्यांना दिसेल.

आत्या

---

दौलतगंज, २४ डिसेंबर

ती. आत्या,

तुम्ही म्हणजे कमाल आहात.

मावशी गेल्या त्याच दिवशी मंडीत गेलो. मटर मुठीत चोळून बघत होतो तर भाजीवाला म्हणाला, "भैया, हाथ देख रहे हो क्या मटर का?" पण तुमची ट्रिक बरोबर निघाली. बथुआ केला. एकदा जळला, ती भाजी कुत्र्यालाही दिली नाही, दुसऱ्यांदा जमला. आणि गोभी उकळून तिच्या पाण्यात वरण, तुम्ही सांगितलं तसं, हिंग आधी, लसूण नंतर.

काकांनी वरणभाताचा पहिला घास घेतला आणि थांबले. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ताट सरकवणार.

"हे कुणी शिकवलं?"

"यूट्यूबनं."

"बरं," म्हणाले. "यूट्यूब हिंग आधी घालतं वाटतं."

आणि खाल्लं आत्या. परत मागितलं. मग परत. वाटी बोटानं पुसली. त्यांचे डोळे जरा भरले होते, मी म्हटलं मिरची जास्त झाली का, तर म्हणाले हो.

तेव्हापासून रोज काहीतरी. सार झालं, कीस झाला, पालक झाला, संत्रं रोज. मी स्वयंपाकाचं काही करावं की काय असं वाटायला लागलंय, दिग्विजय म्हणतो ओरछाला टूरिस्टसाठी ठेला टाकू.

एक जरा सांगायचं होतं. काका दुपारी फार झोपतात दोन दिवस. हातापायांना मुंग्या येतात म्हणाले, ओठांनाही. पाय जड झालेत, जिन्यावर बसून घेतात. या शुक्रवारी बँकेतही गेले नाहीत, शरयूशिवाय नको म्हणाले. मी म्हटलं डॉक्टरला दाखवू, तर म्हणाले, "शरयू येईपर्यंत थांब." तेवढं म्हणाले आणि मग म्हणाले, "थंडी आहे, दुसरं काही नाही." थंडी खरंच आहे. सूर्य तर सुटीवर गेलाय.

पण तुम्हाला काय वाटतं?

विहंग

---

वडोदरा, २८ डिसेंबर

चि. विहंग,

मला काय वाटतं? मला वाटतं की दोनदा वरण मागून घेणारा माणूस पोटाचा आजारी नाही. माझं म्हणणं खरं ठरलं. इतके दिवस उपाशी ठेवलेल्या अंगाला एकदम अन्न मिळालं की ते जड होतं, झोप येते. मुंग्या थंडीच्या. तिळाचं तेल कोमट करून पायांना चोळ. खजूर आणि डिंकाचे लाडू पाठवतेय, रोज एक दे.

आणि "शरयू येईपर्यंत थांब" म्हणजे काय? डॉक्टरकडे जायलाही आता तिची परवानगी लागते का? बघितलंस ना कुठवर गेलंय ते?

ती परत आली की स्वयंपाकघर सोडू नकोस. ओट्याला चिकटून उभा राहा.

आत्या

---

वडोदरा, २ जानेवारी

विहंग,

पत्र नाही. पार्सल मिळालं की नाही तेही कळवलं नाहीस. गुरुप्रसादनं कांतला फोन लावला तर बाईच्या आवाजात "ते झोपलेत" एवढंच ऐकू आलं म्हणे. दोनदा लावला, दोन्ही वेळा झोपलेत.

म्हणजे ती परत आली आणि तू तिच्या बाजूला गेलास. काय खायला घातलं तुला? का ओरछाला पळालास, त्याला तिच्या ताब्यात टाकून? तुझ्यावर विसंबायला नको होतं मी. जो माणूस तीन कोर्स अर्धे सोडतो तो आठ दिवसांचं काम तरी कसं पुरं करणार?

उलट टपाली लिही. नाहीतर इंदूरला मी आजच कळवते.

लीलाआत्या

---

ग्वाल्हेर, ३ जानेवारी

आत्या,

तुमचं २८ तारखेचं पत्र आणि लाडू आज हातात पडले, हॉस्पिटलातून घरी कपडे घ्यायला आलो तेव्हा. लाडू उघडले नाहीत.

काका जिवंत आहेत. हे आधी लिहितो.

२६ तारखेला सकाळी मी दूध घेऊन आलो तर काका जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसलेले. मी म्हटलं, उठा, चहा करतो. म्हणाले, "पाय उचलत नाहीत रे." हसत म्हणाले, मला वाटलं मस्करी. मी त्यांच्या काखेत हात घालून उठवायला गेलो तर पाय नुसते लोंबत होते. तेवढ्यात मावशी आल्या, झाशीहून, हातात बॅग. त्यांनी काकांकडे बघितलं, मग स्वयंपाकघरात गेल्या. ओट्यावर संत्र्याची सालं होती, पातेल्यात रात्रीचा पालक. त्यांनी ते पातेलं हातात घेतलं आणि मला म्हणाल्या, "ऑटो नको. कुणाची गाडी असेल तर आण. धाव."

हॉस्पिटलात डॉक्टरनं विचारलं, गेल्या आठवड्यात काय काय खाल्लं. मी सांगायला लागलो. आत्या, मी अभिमानानं सांगायला लागलो होतो. बथुआ, टमाटरचं सार, नारळाचं दूध, शकरकंद, चना, संत्री. आणि भाज्यांचं पाणी वरणात. त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. "ये सब किसने खिलाया?" मी म्हटलं, मैंने. "मारना चाहते थे क्या?"

काकांच्या किडन्या जवळजवळ गेल्यात. नऊ महिन्यांपासून. शुक्रवारी ते बँकेत नाही, हॉस्पिटलात तपासणीला आणि इंजेक्शनला जातात. पायांना सूज येते म्हणून मोठ्या चपला, अंगात पाणी साचतं म्हणून बाटलीवर खूण. आणि या सगळ्या चांगल्या चांगल्या थंडीच्या भाज्या-फळांत पोटॅशियम म्हणून एक असतं. तुमच्या-माझ्या अंगातून ते लघवीवाटे जातं. काकांच्या रक्तात राहतं, साचतं, आधी पाय जातात आणि मग हृदय थांबतं. भाजी भिजवून, उकळून पाणी फेकलं की ते बरंचसं पाण्याबरोबर जातं. मावशी तेच करत होत्या. त्यांचा नवरा याच आजारानं गेला. टोपली वर न्यायच्या ती काकांच्या डोळ्यांसमोर नको म्हणून. दुसऱ्या दिवशी गल्लीत वाटून टाकायच्या.

मुंग्या थंडीच्या नव्हत्या आत्या.

यंत्रावर दोनदा रक्त साफ केलं. आता पाय हलतात, दोन-चार दिवसांत घरी सोडतील म्हणतात. आजवर पथ्यावर निभावलं होतं; हे डायलिसिस आता कायमचं लागेल का, ते पुढच्या आठवड्यात कळेल.

मावशींनी मला एकदाच विचारलं, काकांच्या पलंगापाशी, "पाणी वरणात घालायचं तुला कुणी सांगितलं?" काका डोळे मिटलेले, तसेच म्हणाले, "मी सांगितलं." मावशींनी त्यांच्याकडे बघितलं आणि बाहेर जाऊन बाकावर बसल्या. 

त्या गेल्यावर मी म्हटलं, "काका, खोटं का बोललात?"

"पहिल्याच घासाला कळलं मला," म्हणाले. "ताईचा हात. मी पानावरून उठायला हवं होतं. नाही उठलो. म्हटलं, एक दिवस. मग म्हटलं, अजून एक."

"मग तुम्ही त्यांना आजाराचं सांगितलं का नाही? त्या उगाच…"

"सांगितलं असतं तर ती इथं आली असती. येऊन काय करणार? खाऊ घालणार. दुसरं तिला काही येत नाही. आई गेल्यापासून तिनंच वाढलंय मला. तिनं वाढलं की मला नको म्हणता येत नाही, ते आजतागायत जमलेलं नाही. म्हणून यंदा गेलो नाही तिच्याकडे. वाटलं, एक संक्रांत चुकली तर रागावेल. रागावू दे."

त्यांनी सांगितलंय, ताईला यातलं काही कळवायचं नाही. मी कळवतोय. त्यांचं ऐकून गप्प राहिलो तर आपण सगळे पुन्हा एकमेकांवर नजर ठेवत बसू, आणि त्यात ते जातील. मावशी त्यांना अशक्त करतायत म्हणालात तुम्ही. त्या करत नव्हत्या, आपण केलं. मी आणि तुम्ही. मी मुंग्यांचं लिहिलं तेव्हा मला शंका आली होती, तरी मी तुमच्या उत्तराची वाट बघत बसलो, तीन गल्ल्यांवर दवाखाना असताना.

इंदूरला माझं काय कळवायचं ते कळवा.

विहंग

---

वडोदरा, ७ जानेवारी

श्रीमती शरयूताईंस,

आपली ओळख नाही. मी लक्ष्मीकांतची मोठी बहीण, लीला. पत्र तुमच्या नावानं पाठवतेय, ते त्याला दाखवू नका.

वरणात पाणी घालायला विहंगला मी सांगितलं. कांतनं नाही. बथुआ, सार, संत्री, सगळं मी कागदावर लिहून दिलं होतं. तो पोरगा माझ्या धाकानं करत होता. त्याला काही बोलू नका, बोलायचं ते मी आल्यावर मला बोला.

तुमच्याबद्दल मी काय काय मनात आणलं होतं ते इथं लिहीत नाही. तुम्हाला ते कळलं असेलच. नऊ महिने माझ्या भावाचा आजार तुम्हाला माहीत आणि मला नाही, हे मला अजून गिळता आलेलं नाही. त्याच्या सांगण्यावरून तुम्ही लपवलंत, हे खरं. पण पोराच्या हातात चूल देऊन जाताना तरी त्याला खरं सांगायला हवं होतं. एवढं मी म्हणणार.

परवा मी इथं कोबी तसा करून बघितला. भिजवला, उकळला, दोन्ही वेळचं पाणी फेकलं, मीठ नावाला. सुनेनं विचारलं, आई, कुणासाठी? मी सांगितलं नाही. खाल्ला सगळा. नऊ महिने माणूस हे खातो आणि कुणाला बोलत नाही.

मी १२ तारखेला गुरुप्रसादबरोबर तिथं पोचते. भोगीला तुम्ही स्वयंपाक करा. काय घालायचं, काय वगळायचं, किती भिजवायचं, तुम्ही ठरवा. मी स्वयंपाकघरात येणार नाही, दारातून बघेन. बघितल्याशिवाय माझा कुणावर विश्वास बसत नाही, तुमच्यावरही अजून पुरता बसलेला नाही. तेवढं चालवून घ्या.

एक काम मात्र तुम्हीच करायचं. पान मांडलं की तुम्ही वाढा. मी त्याच्या शेजारी बसेन आणि त्याच्या पानात असेल तेच जेवेन. मी वाढायला उठले तर मला खाली बसवा, चारचौघांत बसवलंत तरी चालेल. माझ्या हातून त्याच्या पानात कमी पडणार नाही, आणि माझ्यासमोर तो नको म्हणणार नाही.

लीला